फिरत्या टबातल्या लाटा : हा केऑस, की टेबलाचा दोष?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल आणि मागाहून वाचणाऱ्यांचीही सोय होईल. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तुम्ही तिघींनी ४० सेंटीमीटर व्यासाचा पारदर्शक टब फिरत्या टेबलावर ठेवला. मधोमध १२ सेंटीमीटर व्यासाचा स्टीलचा डबा, डब्यात बर्फ. टबात १० सेंटीमीटर पाणी, नळाचंच, म्हणजे आपल्याकडे २८ अंशांच्या आसपास. टेबल मिनिटाला ४ फेरे. वरून खायचा रंग सोडला की डब्याभोवती चार पाकळ्यांचं फूल उमलतं. काही वेळाने पाच पाकळ्या होतात. पाऊण तासाने फूल विस्कटतं आणि सुटे भोवरे कसेही फिरू लागतात. दुसऱ्या दिवशी सगळं तसंच ठेवलं तरी क्रम वेगळा. मार्गदर्शक म्हणतात, "केऑस आहे, तसं लिहून टाका." मैत्रीण म्हणते, "आपलं टेबलच धड नाही." आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की हे असलं काही पणजीच्या मिरामार किनाऱ्याला समुद्रात दिसतं का.

माझं मत विचाराल तर तुमच्या मैत्रिणीचं आधी ऐका, मार्गदर्शकांचं नंतर. अनियमित दिसलं की केऑस म्हणायची घाई सगळ्यांनाच होते, मलाही झाली होती, ते पुढे सांगतो. पण "रोज वेगळं दिसतं" या एका तक्रारीत तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, बाहेरून आत शिरलेली गडबड : कललेलं टेबल, वितळता बर्फ, डोक्यावरचा पंखा. दुसरी, एकाच परिस्थितीत पाण्यापुढे खरोखरच एकाहून जास्त वाटा मोकळ्या असणं. आणि तिसरी म्हणजे खरा केऑस, जिथे बाहेरचं काहीही न बदलता प्रवाह स्वतःच्याच नियमांनी कधीही तोच क्रम परत गिरवत नाही. पहिल्या दोन वेगळ्या काढल्याशिवाय तिसरीचं नाव घ्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. बाकीचं सगळं उत्तर म्हणजे त्या कशा वेगळ्या काढायच्या याची कहाणी.

मी सिद्धांतवाला नव्हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीसेक वर्षं अशी टेबलं फिरवली. पहिलं तर डिचोलीच्या एका कुंभाराकडून आणलेलं जुनं चाक होतं, त्याला शिवणयंत्राची मोटर लावलेली. त्यामुळे मी सांगतोय ते हात ओले करून शिकलेलं आहे. तुमच्या मोटरचा प्रकार, टबाचा तळ सपाट आहे की मधे फुगलेला, खोलीत एसी आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. जिथे तसं आहे तिथे सांगेन.

आधी फूल का उमलतं ते. डब्यापाशी पाणी थंड होऊन खाली बसतं, तळावरून बाहेर सरकतं, आणि बाहेरचं कोमट पाणी वरून आत येतं. टब स्थिर असता तर एवढंच चक्र चाललं असतं. टब फिरत असल्यामुळे आत निघालेलं पाणी कोरिऑलिसच्या ओढीने, म्हणजे फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला बाजूला वळवणाऱ्या ओढीने, वळतं आणि डब्याला प्रदक्षिणा घालू लागतं. आता पंचाईत अशी की प्रदक्षिणा घालणारं पाणी डब्यापर्यंत उष्णता पोचवत नाही, नुसतं फिरत बसतं. थंड आणि गरम यांच्यातला ताण साठत जातो, आणि शेवटी ती गोल प्रदक्षिणाच अस्थिर होऊन नागमोडी होते. नागमोडीचं एक वळण गरम पाणी आत नेतं, पुढचं थंड पाणी बाहेर आणतं. तुमच्या पाकळ्या म्हणजे हीच वळणं. समशीतोष्ण पट्ट्यातलं रोजचं हवामान याच अस्थिरतेवर चालतं, फक्त तिथे डब्याच्या जागी ध्रुव आणि टबाच्या काठाच्या जागी विषुववृत्ताकडची उबदार हवा.

केंब्रिजमध्ये रेमंड हाइड यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला असाच प्रयोग केला. त्यांच्या डोक्यात हवामान नव्हतं, पृथ्वीच्या गाभ्यातला द्रव होता. साधारण त्याच काळात शिकागोत डेव्ह फुल्ट्झ यांनी भांडी विसळायचं ॲल्युमिनियमचं पातेलं फिरवून, कडेला गरम करून, मधे थंड ठेवून हवामानाची नक्कल केली. दोघांनाही दिसलं ते असं : हळू फिरवलं तर लाटा नाहीत, नुसती गोल प्रदक्षिणा. वेग वाढवला तर नीटनेटक्या लाटा. आणखी वाढवला तर विस्कट. तेव्हा तुम्ही पाहिलेली फुलं आणि विस्कट दोन्ही खरी आहेत, सत्तर वर्षं लोक ती पाहताहेत. तुमच्या टबात ती कोणत्या कारणाने आली एवढाच वाद आहे.

तुमच्या आकड्यांवरून एक अंदाज मांडू. मिनिटाला ४ फेरे म्हणजे कोनीय वेग सेकंदाला ०.४२ रेडियन, आणि कोरिऑलिसचा आकडा त्याच्या दुप्पट, ०.८४. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा सेंटीमीटर धरा, डबा ते काठ अंतर १४ सेंटीमीटर. वेग भागिले कोरिऑलिस गुणिले अंतर, हा रॉस्बी आकडा, तो येतो साधारण ०.०४. एकापेक्षा बराच लहान, म्हणजे फिरण्याचा अंमल पक्का. आता पाण्यात ५ अंशांचा फरक धरला तर लाटेची आवडती लांबी पंधरा-सोळा सेंटीमीटर निघते, आणि मधल्या वर्तुळाचा परीघ सुमारे ८२ सेंटीमीटर. भाग द्या : पाच. म्हणजे चार-पाच पाकळ्या यायलाच हव्यात. टब शुद्धीवर आहे.

आता बर्फाकडे या. बहुतेक गोंधळ तिथेच आहे असं मला वाटतं.

तुमच्या टबात अकरा लिटरच्या वर पाणी आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. ती सगळी टबातूनच आली असं धरलं तर टब सात अंशांनी थंड होतो. खोलीतून थोडी उष्णता परत शिरते, पण बाहेरच्या काठाला तुम्ही काही तापवत नाही. म्हणजे पहिल्या मिनिटाला प्रवाह ज्या फरकावर चालला होता तो तासाभराने उरलेलाच नसतो. फरक कमी झाला की लाटेची आवडती लांबी आखूड होते, आणि त्याच परिघात जास्त लाटा मावतात. चाराच्या पाच पाकळ्या झाल्या ना? त्यात गूढ काही नाही, तुमचा बर्फ वितळतोय. एक गाडी गिअर बदलत घाट उतरतेय आणि तुम्ही तिचा "नैसर्गिक वेग" मोजताय, असं ते झालं.

यात पाण्याचा आणखी एक खोडसाळपणा आहे. २८ अंशांवर पाणी तापमानाला जितकं प्रसरतं, त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी ते १० अंशांवर प्रसरतं, आणि ४ अंशांच्या खाली तर उलटंच वागतं. डब्याला चिकटलेलं शून्याजवळचं पाणी ४ अंशांच्या पाण्यापेक्षा हलकं असतं. सुरुवातीला हे जाणवत नाही. पण टब गार होत गेला की डब्यालगत एक पातळ थर खाली बसायचं सोडून वर चढायला बघतो. पाऊण तासानंतरच्या विस्कटीत याचा वाटा किती, ते थर्मामीटर बुडवल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून तो बुडवा. आणि बर्फाचे खडे डब्यात एका बाजूला गोळा होतात ते वेगळंच, मग डबा गोल राहिला तरी थंडी गोल राहत नाही.

उपाय सोपा आहे. बर्फ नको, गार पाणी फिरवा. डब्यात १८ अंशांचं पाणी सतत येत-जात राहिलं तरी दहा अंशांचा फरक मिळतो, लाटांना तेवढा पुष्कळ. फिरत्या टेबलावर नळी कशी नेणार, हा प्रश्न येईल. फिरता सांधा विकत मिळतो, पण महाग. आम्ही टेबलावरच थर्मोकोलचा डबा, त्यात गार पाणी आणि मत्स्यालयात वापरतात तो छोटा पंप बसवला होता. सगळंच फिरतं, मग नळीला पीळ पडत नाही. तासाला एकदा टेबल थांबवून पाणी बदलावं लागतं हा त्याचा तोटा.

दुसरं, टेबल. इथे लोक स्पिरिट लेव्हल ठेवतात, बुडबुडा मधे आला की खूश होतात. तेवढ्याने भागत नाही, कारण कल दोन प्रकारचा असतो आणि दोघांची फळं वेगळी. ताटावर लेव्हल ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते बघा, मग ताट हाताने पाव फेरा फिरवा. बुडबुडा लेव्हलच्या त्याच टोकाला राहिला, म्हणजे ताटाबरोबर फिरला, तर ताट अक्षाला काटकोनात नाही. बुडबुडा खोलीतल्या त्याच भिंतीकडे, समजा खिडकीकडेच पळत राहिला, तर अक्षच तिरका आहे. बहुतेक टेबलांत दोन्ही दोष थोडेथोडे असतात.

ताट तिरकं असेल तर टबाची एक बाजू कायमची उथळ. फिरत्या पाण्याला आपल्या खोलीतला, म्हणजे उथळ-खोलचा, फरक फार लवकर कळतो. प्राउडमन यांनी १९१६ मध्ये कागदावर आणि टेलर यांनी पुढे काही वर्षांत टाकीत दाखवून दिलं की जोरात फिरणारं पाणी उभ्या खांबासारखं वागतं, वरपासून खालपर्यंत एकत्र सरकतं, आणि तळाच्या उंचवट्यावरून जाण्याऐवजी त्याला वळसा घालतं. त्यामुळे तुमची पाकळी दर वेळी टबाच्या एकाच जागी अडखळत असेल, तर दोष तळाचा.

अक्ष तिरका असेल तर प्रकार जास्त बेरकी. टबाच्या दृष्टीने गुरुत्वाची दिशा दर फेऱ्याला, म्हणजे तुमच्या बाबतीत दर १५ सेकंदांनी, गोल फिरते. तुम्ही टबाला दर १५ सेकंदांनी एक हलका धक्का देता. फिरत्या द्रवाच्या पोटात स्वतःच्या लहरी असतात, जडत्व लहरी म्हणतात त्यांना. कोनीय वेगाच्या शून्यापासून दुपटीपर्यंतची कोणतीही वारंवारता त्या स्वीकारतात. तुमचा धक्का बरोबर एकपटीवर, म्हणजे पट्ट्याच्या ऐन मध्यावर येतो. या लहरींचा स्वभाव विचित्र : वारंवारतेवरून त्यांची लांबी ठरत नाही, दिशा ठरते. एकपटीच्या धक्क्याची ऊर्जा अक्षाशी ३० अंशांचा कोन करून तिरकी जाते, तळावर आणि काठावर आपटून परतते, आणि परततानाही अक्षाशी तोच कोन राखते, भिंतीशी नव्हे. कडेला रंगाच्या बारीक तिरप्या रेघा दिसल्या तर समजा, अक्ष सरळ करायचा आहे.

किती कल चालेल? फिरण्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग मधे खोलगट होतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वेगाला आणि टबाला ती खोली काढा : ०.३६ मिलिमीटर. म्हणजे टेबलाखाली घडी घातलेलं बसचं तिकीट सरकवलंत तरी त्या कलाची बरोबरी फिरण्याच्या परिणामाशी होते. आम्ही टेबलाच्या पायांना बारीक आट्यांचे स्क्रू बसवले होते, आणि चवथीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं की पहिलं काम तेच. पावसाळ्यात लाकडी बाक फुगतो हो, कललेला असतोच.

पंखा बंद करायचा, हे वेगळं सांगायला नको. पण टबाचा काठ सेकंदाला आठ सेंटीमीटर वेगाने जातो, म्हणजे खोलीतली स्थिर हवासुद्धा पाण्याला मागे ओढते. पारदर्शक झाकण घाला. आणि टेबल सुरू केल्याबरोबर रंग टाकू नका. पाणी टबाबरोबर फिरू लागायला जो मूळ काळ लागतो, पाण्याची खोली भागिले चिकटपणा आणि कोनीय वेग यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, तो तुमच्याकडे सुमारे अडीच मिनिटं आहे. त्याच्या पाच-सहा पट थांबा, पंधरा मिनिटं. थंड डबा त्यानंतर ठेवा.

हे सगळं करूनही एके दिवशी चार पाकळ्या आणि दुसऱ्या दिवशी पाच आल्या, तर? मग अभिनंदन, तुम्ही दुसऱ्या गोष्टीपाशी पोचलात.

फिरत्या प्रवाहांना स्मरण असतं. डोनाल्ड कोल्स यांनी १९६५ मध्ये दोन एककेंद्री नळकांड्यांमधला प्रवाह तपासला, आतलं नळकांडं फिरतं. त्यांना एकाच वेगाला वीस-पंचवीस वेगवेगळ्या स्थिती मिळाल्या. कोणती मिळणार हे त्या वेगापर्यंत कसे पोचलात यावर ठरतं : हळूहळू वाढवत आलात, झटक्यात आलात, की वरून खाली उतरलात. यातली प्रत्येक स्थिती शांत, नियमित, तासन्तास टिकणारी. याला केऑस म्हणत नाहीत. खिडकी दोन जागी अडकवून ठेवता येते, तसं समजा. तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग इथून निघेल असं मला वाटतं, कारण त्याला महागडी उपकरणं लागत नाहीत. वेग मिनिटाला २ फेऱ्यांपासून ६ पर्यंत पायरीपायरीने वाढवा, प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबा, पाकळ्या मोजा. मग तसेच खाली या. चढतानाचा आणि उतरतानाचा आलेख एकावर एक बसला नाही तर ते स्मरण. प्रत्येक पायरीवर एकदा पळीने पाणी ढवळून काय होतं तेही बघा, ढवळल्यावर पाणी जुनं विसरतं.

आता माझी फजिती. आमच्याकडे पुढे बऱ्यापैकी संच झाला, आत-बाहेर दोन नळकांडी, आतल्यात चिलरचं, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचं पाणी. एका उन्हाळ्यात तीन पाकळ्यांची सुंदर लाट मिळाली, आणि ती चक्क श्वास घ्यायची. पाकळ्या फुगायच्या, बारीक व्हायच्या, परत फुगायच्या, दर अठरा मिनिटांनी. हाइड यांनी असंच पाहून त्याला व्हॅसिलेशन हे नाव दिलं होतं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये त्याच्या यांत्रिकीवर निबंध लिहिला होता. आम्हाला आकाश ठेंगणं. विद्यार्थ्यांनी परिसंवादासाठी पोस्टर रंगवलं. जूनचा दुसरा आठवडा, मृगाचा पाऊस कोसळतोय, आणि वीज गेली. टेबलाची मोटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर होते, चिलर नव्हता. वीज आली तासाभराने. चित्रफीत पाहतो तर त्या तासात पाकळ्या एकदाही श्वास घेत नाहीत! लाट आहे, हळूहळू बारीक होतेय, पण धडधड गायब. मग मी स्टूल घेऊन चिलरपाशी घड्याळ लावून बसलो. कॉम्प्रेसर सात मिनिटं चालू, अकरा मिनिटं बंद. बेरीज तुम्हीच करा. पोस्टर गुंडाळून कपाटावर टाकलं, अजून तिथेच असेल.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. प्रवाहात कुठलाही ठोका सापडला की आधी खोलीतल्या प्रत्येक यंत्राचा ठोका मोजायचा : टेबलाचा फेरा, मोटरचं गिअर, पंप, फ्रिज, एसी, दिवसभरात होणारा व्होल्टेजचा चढउतार. यांपैकी कशाशीच जुळला नाही तरच तो पाण्याचा.

खऱ्या व्हॅसिलेशनमध्येही केऑस नसतो, तो नुसता ठोका. एका ठोक्यावर दुसरा, न जुळणारा ठोका चढला तरी नाही. दोन लंबकांची घड्याळं एका भिंतीवर असावीत तसं ते, गुंतागुंतीचं पण हिशेबात बसणारं. पूर्वी समज असा होता की असे ठोके एकावर एक चढत अगणित झाले की खळबळ होते. १९४४ मध्ये लांडाऊ यांनी तसं मांडलं. १९७१ मध्ये रुएल आणि ताकेन्स म्हणाले, अगणित कशाला, मोजक्याच पायऱ्यांत व्यवस्था कोलमडू शकते. आणि १९७५ मध्ये गोलब आणि स्विनी यांनी फिरत्या नळकांड्यांत लेसरने वेग मोजून दाखवलं : दोन-तीन वारंवारता येतात आणि एका ठरावीक वेगापुढे वर्णपटातल्या, म्हणजे कोणती वारंवारता किती जोराची याच्या आलेखातल्या, टोकदार रेघा जाऊन तो सगळा पसरट होतो. फिरत्या पाण्याने केऑसच्या इतिहासात बजावलेली ही मोठी कामगिरी. लॉरेन्झ यांनाही हाइड आणि फुल्ट्झ यांच्या टबांची भुरळ होती हे फार लोकांना ठाऊक नसतं. सगळे त्यांच्या पंख फडफडवून वादळ उठवणाऱ्या फुलपाखरावर थांबतात.

मग तुम्ही केऑस दाखवणार कसा? नुसतं "विस्कटलेलं दिसतं" चालणार नाही आणि नुसता पसरट वर्णपटही नाही, कारण वर्णपट गोंगाटानेही पसरतो. माझ्या आवडीच्या दोन युक्त्या आहेत, दोन्ही वहीपेन्सिलीने जमणाऱ्या. पाण्यात मधल्या उंचीवर एक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा छोटा संवेदक, ठेवा, टबाबरोबर फिरणारा, आणि तापमानाची नोंद घ्या. वर-खाली होणाऱ्या आलेखातली फक्त शिखरं उचला. प्रत्येक शिखराची उंची आडव्या अक्षावर, त्याच्या पुढच्या शिखराची उभ्या अक्षावर. ठिपके एकाच जागी पडले तर ठोका. बंद कड्यासारखे पडले तर दोन ठोके. नुसताच ढग झाला तर गोंगाट, किंवा इतकी गुंतागुंत की तुमच्या आवाक्याबाहेर. पण ठिपके कधीही परत त्याच जागी न येता एका सुबक रेषेवर पसरले, तर मात्र खुर्ची ओढून बसा. शिखर पुढच्या शिखराला हुकूम देतंय आणि तरी क्रम परत येत नाही. लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये आपल्या तीन समीकरणांवर हेच केलं होतं.

दुसरी युक्ती जुळ्या क्षणांची. सगळ्या नोंदीत असे दोन क्षण शोधा जेव्हा टबाची स्थिती जवळजवळ सारखी होती, एका थर्मिस्टरने नव्हे, गोलाकार लावलेल्या निदान सहा-आठांनी पडताळून. मग दोन्ही क्षणांपासून पुढे काय झालं ते शेजारी शेजारी मांडा. फरक किती वेळात दुप्पट होतो? पुष्कळ जोड्यांवर तो दुप्पट व्हायचा काळ साधारण सारखा आला, तर ती घातांकी वाढ, आणि हेच केऑसचं मुख्य लक्षण. लॉरेन्झ यांनीच १९६९ मध्ये खऱ्या हवामानाच्या नोंदींत असे जुळे दिवस शोधले होते. बरे जुळे पुष्कळ मिळाले, खरोखर चांगला एकही नाही, ही त्यातली गंमत.

इथे वाईट बातमी. दोन्ही युक्त्यांना लांब नोंद लागते. लाटेचा एक श्वास दहा मिनिटांचा धरा. निदान दोनशे श्वास हवेत. दोन हजार मिनिटं, म्हणजे तेहेतीस तास, तापमान आणि वेग जराही न हलता. तुमचा बर्फ दोन तासही टिकत नाही. तेव्हा या संचातून केऑस सिद्ध होणार नाही, आणि त्यात तुमचा दोष काही नाही. तीनशे बिंदूंवरून "मिती २.३" असं, केऑसच्या गुंतागुंतीचं माप दशांशासकट लिहिलेले प्रबंध मी तपासले आहेत. परीक्षक झोपलेला नसेल तर पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो.

मिरामारचं थोडक्यात. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा वाऱ्याच्या, सहा ते दहा सेकंदांच्या. पृथ्वीच्या फिरण्याला त्यांच्यात बोलायला वेळच मिळत नाही. पणजीच्या अक्षांशावर, साडेपंधरा अंशांवर, फिरण्याचा स्वाभाविक ठोका ४५ तासांचा आहे. त्याच न्यायाने मोरीतल्या भोवऱ्याची दिशा गोलार्धावर ठरते ही थाप. मोरीचा रॉस्बी आकडा हजारांत जातो. बेतीच्या धक्क्याला लागताना फेरीबोटीमागे गरगरणारं पाणीही त्यातलंच.

फिरण्याचा अंमल दिसतो तो दिवसांच्या आणि महिन्यांच्या हालचालींत. आपल्या किनाऱ्याला चिकटून केल्विन लहरी चालतात. उत्तर गोलार्धात त्या किनारा उजव्या हाताला ठेवून जातात, म्हणजे आपल्याकडे दक्षिणेकडून उत्तरेला, सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने, किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरच्या पट्ट्यात. वर पाण्याची पातळी थोडीशीच हलते, पण खालचा थंड पाण्याचा थर कितीतरी मीटर वर-खाली होतो. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेला. हिवाळ्यातला तर वाऱ्याच्या विरुद्ध. त्याचं कारण इथल्या वाऱ्यात नाही, बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून आलेल्या या लहरींत आहे. हा उलगडा करण्यात दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांचा मोठा हात आहे. पण लक्षात घ्या, या लहरी म्हणजे तुमच्या पाकळ्या नव्हेत. पाकळ्या तापमानाच्या ताणातून आपोआप जन्मतात, केल्विन लहरीला कुणीतरी दुरून ढकलावं लागतं. अहवालात दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबू नका.

अहवालाचं म्हणाल तर मी शीर्षकात केऑस हा शब्दच घालणार नाही. "फिरत्या कंकणातील लाटांची संख्या आणि तिचं वेगाच्या इतिहासावरचं अवलंबन", असं काहीतरी रूक्ष ठेवा. आत कलाची तपासणी, तापमानाची नोंद, चढता-उतरता आलेख. विस्कटीचा एक विभाग द्या, त्यात बर्फाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा, आणि तेहेतीस तासांचं गणित लिहून "म्हणून याबद्दल निष्कर्ष काढलेला नाही" असं म्हणा. मार्गदर्शकांना पटलं नाही तर त्यांना हा बर्फाचा हिशेब त्यांच्यासमोर करून दाखवा, दोन ओळींचा आहे.

सध्या एवढंच करा : उद्या लेव्हल ठेवून ताट पाव-पाव फेरा फिरवा, आणि बुडबुडा ताटाबरोबर गेला की खिडकीकडे, ते इथे कळवा. मोटर स्टेपर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणारी, आहे की साधी, तेही लिहा. साधी असेल तर संध्याकाळी सातच्या सुमाराला, सगळीकडे दिवे लागतात तेव्हा, दहा फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते एकदा मोजा, आणि मग पहाटे पुन्हा.